आधीचा कागद कुठून आणायचा? : आधार नोंदणीच्या पुराव्यांविषयी खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण,
नवी दिल्ली.

विषय : हाताशी कोणताही कागद नसलेल्या प्रौढ व्यक्तीच्या पहिल्या आधार नोंदणीबाबत.

महोदय,

मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत 34 वर्षे शिकवून मी निवृत्त झालो. तेव्हापासून गावातल्या आणि गावकुसाबाहेरच्या लोकांचे अर्ज भरून देणे, दाखल्यांसाठी त्यांच्याबरोबर तालुक्याला जाणे हा माझा उद्योग होऊन बसला आहे. आपल्या प्राधिकरणाचे नियम मी वाचले आहेत, पण ते मला जास्त कळले ते केंद्राच्या खिडकीपाशी उभे राहून. हे पत्र एका बाईमुळे लिहावेसे वाटले. तिच्या अर्जाची शिफारस करण्याचा मात्र माझा हेतू नाही, कारण तशी शिफारस करायला तिचा अर्ज आधी कुठेतरी दाखल झालेला असायला हवा होता.

ही बाई वैदू समाजाची आहे. पावसाळ्याचे चार महिने या लोकांची आठ-दहा पाले आमच्या गावच्या गायरानात असतात. दसऱ्यानंतर ती उठतात आणि पुढच्या मृगापर्यंत लातूर, सोलापूर, बिदर अशी फिरत राहतात. ती दारोदार सुया, बिबे आणि काळे मणी विकते. मी तिला पंचवीसएक वर्षे ओळखतो, कारण तिचा थोरला मुलगा दोन पावसाळे माझ्या वर्गात बसत होता. तिला वय विचारले की ती म्हणते, "बहात्तरच्या दुष्काळात मी आईच्या पाठीला झोळीत होते," आणि मुलाचे विचारले की, "किल्लारीचा भूकंप झाला तवा ह्यो पोटात होता." त्या मुलाचे आधार आहे. गावात नोंदणीचे शिबिर लागले तेव्हा तो इथे होता आणि ती सोलापूरच्या बाजूला होती, एवढाच काय तो दोघांत फरक.

गेल्या श्रावणात मी तिला घेऊन नोंदणी केंद्रावर गेलो. ते केंद्र कोणते, हे सांगण्याची गरज नाही, कारण तिथल्या मुलाचे वागणे मुळीच वाईट नव्हते. त्याने "मावशी, बसा" म्हटले आणि ओळखीचा पुरावा विचारला. तिने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकची पिशवी, त्यातून एक रुमाल आणि रुमालातून तीन वस्तू काढल्या. एक सरकारी दवाखान्याचा केसपेपर होता, ज्यावर तिचे नुसते नाव आणि वयाच्या रकान्यात "अं. 45" असे लिहिलेले होते. दुसरा मुलाच्या शाळेचा निर्गम उतारा. तिसरा जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला फोटो, मागे ताजमहालाचा पडदा असलेला. केंद्रचालकाने तिन्ही वस्तू नीट पाहिल्या, परत रुमालात ठेवल्या आणि "यातले काहीच सिस्टीम घेत नाही" असे सांगितले. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, पॅन, बँकेचे पासबुक, निदान लग्नाचा दाखला, असे एकेक नाव तो घेत गेला आणि ती मान हलवत गेली. मुलाला कुटुंबप्रमुख धरून नोंदणी होईल का, असे मी विचारले, तेव्हा त्याने दोघांचे नाते दाखवणारा कागद मागितला. त्या कामी चालणारा आणि आमच्याकडे असू शकणारा कागद एकच, तो म्हणजे रेशनकार्ड. एकूण पाच मिनिटांत आम्ही बाहेर होतो.

त्या पाच मिनिटांची नोंद आपल्याकडे कुठेही नाही. नोंदणी झाली असती तर 14 अंकी नोंदणी क्रमांक आणि त्यापुढे तारीख-वेळ छापलेली पावती मिळाली असती. पुढे अर्ज नामंजूर झाला असता तरी त्या क्रमांकावर विचारणा करता आली असती, तक्रार करता आली असती, 1947 या मदत क्रमांकावर तो अंक सांगता आला असता. इथे अर्जच न घेतल्यामुळे नामंजुरीही झाली नाही. आपल्या दप्तरात नामंजूर अर्जांची संख्या असेल, पण खिडकीवरून तोंडी परत पाठवलेल्या माणसांची मोजदाद करण्याची सोयच नाही, आणि माझ्या अनुभवात अशी माणसे पहिल्या प्रकारापेक्षा जास्त आहेत.

आता केंद्रचालकाने घेतलेल्या त्या नावांकडे पाहू. रेशनकार्ड काढायला गेले की पहिला प्रश्न आधारचा असतो. पॅन आपल्या यादीत ओळखीचा पुरावा आहे, परंतु 1 जुलै 2025 पासून नवे पॅन काढायलाच आधार लागते. बँकेत खाते उघडायला गेले तर तिथेही आधी आधार किंवा पॅन विचारतात. जन्मदाखला उशिरा काढता येतो हे खरे, पण जन्माची नोंद जन्म जिथे झाला तिथे व्हावी लागते, आणि ही बाई कोणत्या तळ्याच्या काठी जन्मली हे सांगणारी तिची आई आता हयात नाही. शिवाय एका वर्षाहून उशिरा होणाऱ्या नोंदींबाबत आमच्या राज्य सरकारने मार्च 2025 मध्ये नियम आणखी कडक केले. त्यामागे गैरप्रकारांच्या तक्रारी होत्या, हे मला मान्य आहे. राहता राहिला आपल्या ठराविक नमुन्यातला दाखला, ज्यावर फोटो चिकटवून अर्धा शिक्का फोटोवर आणि अर्धा कागदावर उमटवायचा असतो आणि जो तीन महिनेच चालतो. तो मागायला आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना 8 मध्ये, घर नाही, मतदार यादीत नाव नाही, मग रहिवासी म्हणून सही कशाच्या आधारावर करू, असा प्रश्न तिथे आला. प्रश्न विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. उद्या चौकशी लागली तर त्याच्या बाजूने उभे राहणारा एकही कागद त्याच्या दप्तरात नाही.

म्हणजे प्रत्येक जण आधीचा कागद मागतो आणि त्या आधीच्या कागदासाठी पुन्हा आपल्याकडे बोट दाखवतो. विहिरीच्या काठाने गोल फिरणाऱ्या बैलासारखी ही बाई गेली दोन वर्षे फिरते आहे; बैलाच्या फेऱ्यांनी निदान रहाटगाडग्याला पाणी तरी येत असे.

इथे मला माझ्याविषयी काही सांगणे भाग आहे. महाराष्ट्रातील लाखो लोकांचा वाढदिवस 1 जून आहे, हे आपल्या कार्यालयातल्या एखाद्या मराठी माणसाला विचारले तर तो हसून सांगेल. त्यामागे ग्रहयोग नाही, आम्ही गुरुजी आहोत. जूनमध्ये शाळा उघडायची, आई पोराला हाताला धरून आणायची, मी विचारायचो, "किती पावसाळे झाले?" ती बोटांवर मोजायची, कुणाच्या लग्नाशी, कुणाच्या मयतीशी, कुठल्या पुराशी ताळा करायची आणि सांगायची, "सहा झाले असतील, गुरुजी." मग मी जनरल रजिस्टर उघडायचो आणि मूल पहिलीत बसेल अशा बेताने वर्ष काढून त्यापुढे 1 जून लिहायचो. तारीख अंकांत आणि अक्षरांत, दोन्ही ठिकाणी, निळ्या शाईने. असे मी किती मुलांचे केले याचा हिशेब माझ्याकडे नाही. पण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा आणि त्या दिवशी शाळेला बहुधा सुट्टीच असायची.

माझ्या त्या अंदाजाचे पुढे काय झाले पाहा. बालन्याय अधिनियम, 2015 च्या कलम 94 प्रमाणे वय ठरवताना शाळेचा किंवा शालान्त परीक्षेचा दाखला पहिल्या क्रमांकावर येतो. तो नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. 24 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या प्रकरणात मृताचे वय ठरवताना आधारवरील तारखेपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. निकाल योग्य आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. मला फक्त एवढेच दाखवायचे आहे, की एका अशिक्षित आईने बोटांवर मोजून सांगितलेली आणि मी शाईने लिहिलेली गोष्ट आज या देशात पुरावा म्हणून चालते. त्याच आईच्या वयाच्या बाईने तीच मोजणी स्वतःविषयी आपल्या केंद्रावर केली, तर ती चालत नाही. तिचे म्हणणे तिच्या आईने चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या गुरुजीला सांगितले असते तर आज तो दाखला झाला असता.

कागद कोणताही घ्या, त्याच्या मुळाशी कुणीतरी कुणाला तरी तोंडी सांगितलेली गोष्ट असते. जुन्या काळी कोतवालाने गावात फिरून पाटलाला सांगितले की अमक्याच्या घरी मुलगा झाला, तेव्हा कोतवाल बुकात आणि गाव नमुना 14 मध्ये नोंद पडली. महाराष्ट्रात 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी तालुक्या-तालुक्यात हीच जुनी बुके उघडली गेली, मोडी वाचणारे जाणकार शोधून आणले गेले. त्या प्रश्नाच्या कोणत्याही बाजूला मला इथे जायचे नाही. पण शंभर वर्षांपूर्वीच्या कोतवालाच्या तोंडी खबरीवर विसंबून राज्य आजही निर्णय घेते, आणि या बाईला पंचवीस वर्षे ओळखणारा हयात शिक्षक समोर उभा असताना त्याचे म्हणणे लिहून घ्यायला अर्जात जागा नसते, ही विसंगती आपल्या लक्षात आणून द्यावीशी वाटते.

जागा नव्हतीच असेही नाही. डिसेंबर 2009 मध्ये माजी केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोंदणीच्या माहितीचे आणि पडताळणीचे निकष सुचवले, तेव्हा ओळखीचे आणि पत्त्याचे कागद कोणते घ्यावेत याच्या याद्या केल्या. त्याच वेळी ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांच्यासाठी ओळखदात्याची तरतूद सुचवली. नोंदणी करणाऱ्या यंत्रणेने आधी नेमलेल्या, स्वतःचा आधार क्रमांक असलेल्या माणसाने समोरच्या व्यक्तीची ओळख पटवायची आणि त्याखाली सही-अंगठा करायचा. बँकेत खाते उघडताना जुन्या खातेदाराची सही लागायची, त्याच जातीची ही कल्पना होती आणि ती शहाणपणाची होती. 2016 च्या नोंदणी विनियमांतही कागदपत्रे, कुटुंबप्रमुख आणि ओळखदाता असे तीन मार्ग होते. प्रत्यक्षात तिसऱ्या मार्गाने किती लोक आले? 2015 साली माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार, तोवर दिलेल्या 83.5 कोटी क्रमांकांपैकी ओळखदात्यामार्फत दिलेले क्रमांक होते 2.19 लाख, म्हणजे जेमतेम 0.03 टक्के. बाकी सगळ्यांकडे आधीपासून काही ना काही कागद होते. आज आमच्या भागातल्या केंद्रावर गेलेल्या प्रौढ माणसासमोर कागदपत्रे किंवा कुटुंबप्रमुख हे दोनच मार्ग ठेवले जातात, आणि ओळखदाता हा शब्द उच्चारला तर तिथली तरुण मुले माझ्याकडे "हे काय नवीन?" अशा नजरेने पाहतात.

आधारचा पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिला गेला. मुंबई, पुणे, नागपूर सोडून सातपुड्याच्या पायथ्याचे एक आदिवासी गाव निवडले गेले, ते विचारपूर्वकच. ओळख सिद्ध करता येत नाही म्हणून गरिबांना लाभ मिळत नाहीत, आणि हा क्रमांक ती अडचण दूर करील, अशी या सगळ्या योजनेची मूळ मांडणी होती. मी तेव्हा शाळेत होतो आणि ही बातमी फळ्यावर लिहिली होती. 2016 च्या आधार अधिनियमाच्या कलम 3 मध्ये प्रत्येक रहिवाशाला हा क्रमांक मिळण्याचा हक्क आहे असे म्हटले आहे, आणि रहिवासी म्हणजे अर्जापूर्वीच्या 12 महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेली व्यक्ती. कलम 5 तर त्याहून पुढे जाते. स्त्रिया, मुले, ज्येष्ठ नागरिक, अपंग व्यक्ती, असंघटित कामगार, भटक्या जमाती आणि ज्यांना कायमचे घर नाही अशा व्यक्तींना क्रमांक देण्यासाठी प्राधिकरणाने विशेष उपाय करावेत, असे ते कलम सांगते. भटक्या जमातींचा कायद्यात नाव घेऊन उल्लेख आहे. एका केंद्रीय कायद्याने ज्यांना नाव घेऊन आत बोलावले, त्यांना खिडकीवरून परत जावे लागते, हे कायदा करणाऱ्यांना अभिप्रेत नसावे.

या समाजांच्या हाती कागद का नाही, हे वेगळे सांगायला नको. विमुक्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमातींवर 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला आणि तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. त्या काळात सरकारी नोंदवहीत नाव येणे म्हणजे हजेरी आणि पोलीस. वैदू त्या यादीत होते की भटक्यांत, हा भेद पालापर्यंत कधी पोचला नाही. लिहून घेणाऱ्या माणसापासून दूर राहावे ही शिकवण मात्र सगळीकडे पोचली. पुढे राज्याच्या नियमानुसार विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जाऊ लागला. पाल हलवत फिरणाऱ्या माणसाने त्या दिवशीचा मुक्काम कसा सिद्ध करायचा? या जमातींच्या अडचणी मांडण्यासाठी केंद्राने नेमलेल्या रेणके आयोगाने 2008 मध्ये अहवाल दिला, पुढे इदाते आयोगानेही दिला. त्याची उजळणी मी इथे करीत नाही.

आता दुसरी बाजू. ओळखदात्याच्या नावाखाली पैसे घेऊन कुणालाही उभे करतील, परदेशी माणसे शिरतील, ही भीती मी खोटी मानत नाही. काही वर्षांपूर्वी गावोगाव फिरणाऱ्या एजंटांनी काय केले ते मी पाहिले आहे, आणि तीनशे रुपयांत मिळणारे रहिवासी दाखलेही पाहिले आहेत. मात्र या भीतीला उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील. एका माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत, ही खात्री कागद देत नाहीत; ती दहा बोटांचे ठसे आणि दोन बुबुळे देतात, आणि ती या बाईकडेही आहेत, सुयांनी झिजलेली का असेनात. माणूस नागरिक आहे की नाही, हे तर आधार सांगतच नाही. अधिनियमाच्या कलम 9 प्रमाणे आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, आणि 8 सप्टेंबर 2025 रोजी बिहारच्या मतदार यादीच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने आधार ओळखीपुरते घ्यायला सांगताना ते नागरिकत्वाचा पुरावा नसल्याचे स्पष्ट केले. मग कागदाने सिद्ध करायचे उरते ते एवढेच, की ही व्यक्ती जे नाव सांगते त्या नावाने तिला कुणी ओळखते का आणि ती इथे राहते का. हे सांगायला गावातली माणसे पुरेशी आहेत. खोटे सांगून दुसऱ्याच्या नावाने नोंदणी करणाऱ्याला कलम 34 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तशीच जबाबदारी साक्ष देणाऱ्यावरही टाकावी. मी माझी सही आणि माझा आधार क्रमांक द्यायला तयार आहे, आणि ती खोटी निघाली तर परिणाम भोगायलाही.

याहून महत्त्वाचे असे, की प्रौढांची पडताळणी आता होतेच आहे. 18 वर्षांवरील व्यक्तीचा पहिलाच अर्ज असेल तर तो राज्य सरकारकडे पडताळणीसाठी जातो आणि त्यासाठी 180 दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. ही व्यवस्था मला पटते. पण तहसीलची यंत्रणा जागेवर जाऊन चौकशी करणारच असेल, तर त्या चौकशीपर्यंत पोचण्यासाठी आधी कागदाची अट कशाला? ज्याच्याकडे कागद आहेत त्याच्या घरी चौकशीला माणूस जातो आणि ज्याच्याकडे नाहीत, ज्याची चौकशी खरोखर व्हायला हवी, तो चौकशीच्या रांगेतच शिरू शकत नाही. क्रम उलटा करावा, एवढे माझे मुख्य म्हणणे आहे. केंद्राने ठसे, बुबुळे, फोटो आणि सांगितलेली माहिती घ्यावी, पुराव्याच्या रकान्यात "कागद नाही" असे लिहावे आणि पावती द्यावी. त्यानंतर तलाठ्याने, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पालावर जाऊन दोन स्थानिक माणसांच्या साक्षीने पंचनामा करावा आणि तो पंचनामा हाच पुरावा धरावा. गारपिटीत पडलेल्या गोठ्याचा, वीज पडून मेलेल्या म्हशीचा पंचनामा आमच्याकडे दरवर्षी होतो आणि त्यावर सरकारी तिजोरीतून पैसे दिले जातात. जिवंत माणसाचा पंचनामा त्याहून अवघड नसावा.

साक्ष देणाऱ्यांची यादीही नव्याने करता येईल. शाळेचे मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका ही माणसे पालांपर्यंत रोज जातात. पोलिओच्या डोसाच्या वेळी कोणत्या पालात किती पोरे आहेत हे आशाताईला तोंडपाठ असते. प्रत्येक तालुक्यात अशा नेमलेल्या ओळखदात्यांची नावे केंद्रावर मराठीत लावावीत, आणि कागद नाहीत म्हणून परत पाठवायचे झाल्यास कारण लिहून, शिक्का मारून द्यावे, असा आदेश काढावा. तोंडी नकार बंद झाला तरी निम्मे काम होईल. कारण लिहून द्यायचे म्हटले की माणूस नियम शोधतो.

जन्मतारखेविषयी थोडे. सुरुवातीच्या अर्जात तारीख कागदाने पडताळलेली आहे की नुसती सांगितलेली, हे वेगळे लिहिण्याची सोय होती आणि कित्येकांच्या कार्डावर नुसते जन्मवर्ष छापले जाई. ती प्रामाणिक पद्धत होती. पुढे तारीख पूर्ण हवी असा आग्रह सुरू झाला आणि अनेकांच्या वाट्याला 1 जानेवारी आली. माझ्या 1 जूनला सरकारी भावंड मिळाले. आता शाळेत 1 जून, आधारवर 1 जानेवारी आणि तारीख एकदाच दुरुस्त करता येणार, अशा कात्रीत सापडलेली माणसे दर आठवड्याला माझ्याकडे येतात. आधार जन्मतारखेचा पुरावा नाही, असे आपण डिसेंबर 2023 च्या परिपत्रकात स्पष्ट केले. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेनेही जानेवारी 2024 मध्ये ते जन्मतारखेच्या पुराव्यांतून वगळले. पण एसटीत 75 वर्षांवरच्या माणसाला मोफत बसवायचे की 65 वर्षांवरच्याकडून निम्मे भाडे घ्यायचे, हे वाहक बहुधा आधारवरची तारीख पाहूनच ठरवतो. म्हणून सांगितलेली तारीख "सांगितलेली" म्हणूनच कार्डावर दिसावी आणि तिच्या दुरुस्तीची अट पडताळलेल्या तारखेपेक्षा सैल असावी. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच एकमेव पुरावा, हा नवा नियम पुढच्या पिढीपुरता ठीक आहे; पालात जन्मलेल्या बाळाचा दाखला वेळेत निघतो का, हे मात्र कुणीतरी पाहायला हवे.

नावांचे दुखणे तर इतके आहे की त्याचे वेगळे पत्र होईल. लग्नात तांदळात नवे नाव लिहून सून घरात घेण्याची आमच्याकडे रीत आहे, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि रेशनकार्डावरची सून ही दोन वेगळी नावे, वेगळी आडनावे असतात आणि केंद्रचालक त्यांना दोन माणसे समजतो. नाव दोनदाच बदलता येते. रोमन लिपीतून नाव मराठीत उतरवताना यंत्र काळे या आडनावाचे "काले" करते आणि त्या एका ळ साठी म्हाताऱ्या माणसाला पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. असो.

त्या बाईकडे परत येतो. मागच्या आठवड्यात ती आली होती आणि केसपेपर पुन्हा रुमालात बांधून घेऊन गेली. मुलाचे आणि सुनेचे रेशनकार्ड आता होईल, पण त्यावर हिचे नाव चढायला हिचा क्रमांक लागेल. दसऱ्याला पाले उठतील. त्याआधी तिला कोणत्या केंद्रावर न्यावे, तिच्या बाजूने मी कोणत्या नमुन्यात साक्ष लिहून द्यावी आणि ती कुणी घ्यायची, एवढे आपल्या कार्यालयाने कळवावे. उत्तर मराठीत असले तर मी ते तिला पालावर जाऊन वाचून दाखवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक